निकॉनची घसरण आणि मागे राहिलेला ग्राहक

कॅमेऱ्यांचा धंदा का बसला, असे ठाण्यात कुणालाही विचारले तर एका शब्दात उत्तर मिळते: मोबाइल. हे उत्तर चूक नाही. जपानमधील कॅमेरा उत्पादकांची ‘सिपा’ ही संघटना दरवर्षी जे आकडे प्रसिद्ध करते, त्यांनुसार २०१० मध्ये १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात रवाना झाले होते, आणि २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्याही खाली होती. म्हणजे तेरा वर्षांत सोळा कॅमेऱ्यांमागे एक उरला. सहलीला, बारशाला, शाळेच्या स्नेहसंमेलनाला जो छोटा कॅमेरा खिशात घालून नेला जायचा, त्याची जागा मोबाइलने घेतली आणि ती परत मिळणार नव्हती, हे मान्य करायला हवे. परंतु या एका शब्दाच्या उत्तराने दुसरा प्रश्न झाकला जातो. जे ग्राहक मोबाइलकडे गेलेच नाहीत, ज्यांचे पोट कॅमेऱ्यावर चालते किंवा ज्यांचा जीव त्यात गुंतलेला आहे, त्यांच्याशी कॅमेरा कंपन्या या पडत्या काळात कशा वागल्या? निकॉनच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. बाजार मोबाइलने आक्रसला. पण मागे राहिलेला निष्ठावान ग्राहक दुखावला तो कंपनीच्याच निर्णयांनी, आणि ते निर्णय टाळता येण्यासारखे होते.

निकॉनचेच उदाहरण घेण्याला कारण आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९५९ मध्ये ‘निकॉन एफ’ हा कॅमेरा आणला आणि त्याच्याबरोबर लेन्स बॉडीला जोडण्याची ‘एफ माउंट’ ही पद्धत आणली. मध्ये फिल्म गेली, डिजिटल आले, पण ही जोडणी कंपनीने जवळजवळ साठ वर्षे मोडली नाही. आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांनी निकॉन धरला तो बऱ्याच अंशी याच भरवशावर, कारण छायाचित्रकार बॉडी बदलत राहतो आणि लेन्स सांभाळतो. बॉडीचे शटर काही लाख फोटोंनंतर थकते, तिचे तंत्रज्ञान चार-पाच वर्षांत जुने होते. चांगली लेन्स मात्र नीट राखली तर पुढच्या पिढीच्या हाती जाते. म्हणून कॅमेरा कंपनी निवडणे ही एका वस्तूची खरेदी नसते. ग्राहक आपली पुढची वीस वर्षे त्या कंपनीच्या स्वाधीन करत असतो.

घसरण किती मोठी होती, हे निकॉनच्या ताळेबंदावरून कळते. मार्च २०१३ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीची एकूण विक्री एक लाख कोटी येनांच्या पुढे होती आणि तिच्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग एकट्या कॅमेरा विभागाचा होता. मार्च २०२१ मध्ये संपलेल्या वर्षात त्याच विभागाची विक्री १५ हजार कोटी येनांच्या आसपास, म्हणजे आठ वर्षांपूर्वीच्या एक पंचमांशावर आली होती आणि कंपनीला ३,४०० कोटी येनांहून अधिक तोटा झाला होता. या काळात नैसर्गिक संकटेही आली, हे नोंदवणे न्यायाचे आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये थायलंडमधील पुरात निकॉनचा अयुथ्या येथील कारखाना पाण्याखाली गेला, २०१६ च्या कुमामोतो भूकंपाने सोनीच्या सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप) बनवणाऱ्या कारखान्याला झळ बसली आणि त्यामुळे सेन्सर विकत घेणाऱ्या सगळ्यांचेच वेळापत्रक कोलमडले. महासाथीने तर २०२० मध्ये लग्नेच घरात कोंडली. तरीही ही कारणे जमेस धरल्यावर जे शिल्लक राहते, ते थोडे नाही.

सप्टेंबर २०११ मध्ये निकॉनने ‘निकॉन १’ ही आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची मालिका जाहीर केली. या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस त्या काळात कौतुकास्पद वेगवान होता, हे विरोधकांनीही मान्य केले. पण सेन्सर मात्र जेमतेम १३ बाय ९ मिलिमीटरचा, म्हणजे स्पर्धकांच्या तुलनेत फारच लहान निवडला गेला. तांत्रिक अडचण हे त्यामागचे कारण असावे, असे मला वाटत नाही. आपल्याच डीएसएलआर, म्हणजे आरसा असलेल्या, कॅमेऱ्यांची विक्री या नव्या कॅमेऱ्याने खाऊ नये, एवढ्या भीतीपोटी तो जाणूनबुजून दुय्यम ठेवला गेला, असे तेव्हाच्या निरीक्षकांचे मत होते आणि मला ते पटते. दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१३ मध्ये, सोनीने पूर्ण आकाराच्या, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या, सेन्सरचा ए७ हा आरसा नसलेला कॅमेरा आणला. ज्यांनी निकॉन १ वर विश्वास ठेवून त्याच्या लेन्सेस घेतल्या, त्यांच्या हाती २०१८ मध्ये मालिका बंद झाल्यावर पुढे कुठेच न बसणाऱ्या लेन्सेस उरल्या. स्वतःच्या चांगल्या मालाशी स्पर्धा नको म्हणून नवा माल कमकुवत ठेवणे हा या कंपनीच्या त्या दशकातला मूळ दोष होता, आणि पुढचे बरेच निर्णय त्याच विचारातून आले.

डी६०० चे प्रकरण याहून गंभीर होते, कारण तिथे प्रश्न धोरणाचा नव्हता, सचोटीचा होता. सप्टेंबर २०१२ मध्ये आलेला हा कॅमेरा पूर्ण आकाराचा सेन्सर तुलनेने आवाक्यातल्या किमतीत देणारा होता, म्हणून अनेकांनी ऐपत ताणून तो घेतला. काही दिवसांतच तक्रारी सुरू झाल्या की सेन्सरवर तेलाचे आणि कणांचे ठिपके जमतात, विशेषतः फोटोच्या वरच्या डाव्या भागात. हा दोष प्रत्यक्षात कसा दिसतो, ते समजून घेतले पाहिजे. येऊरच्या डोंगरावरून किंवा घोडबंदरच्या खाडीकाठावरून पहाटेचे आकाश टिपायचे असेल तर पुढच्या झाडापासून मागच्या क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट यावे म्हणून छायाचित्रकार लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/११ किंवा एफ/१६ इतके बारीक करतो. अ‍ॅपर्चर जितके बारीक, तितका सेन्सरवरचा कण ठळक. फिकट आकाशावर करडे डाग उमटतात, कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते कळतही नाहीत, आणि घरी संगणकावर उघडल्यावर प्रत्येक फोटोतला प्रत्येक डाग हाताने पुसत बसावे लागते. प्री-वेडिंगच्या एका दिवसाचे शेकडो फोटो असले तर हे काम किती रात्रींचे होते, ते या व्यवसायातल्या माणसाला सांगायला नको.

कंपनीने काय केले? फेब्रुवारी २०१३ मध्ये एक सूचना काढली आणि सेवा केंद्रात सफाई करून घ्यावी असे सुचवले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डी६१० हा जवळपास तसाच कॅमेरा नव्या शटरसह बाजारात आणला. ज्यांच्याकडे डी६०० होता, त्यांना याचा अर्थ एकच लागला: दोष कंपनीला कळला आहे, तो दुरुस्तही झाला आहे, पण नव्याने पैसे मोजणाऱ्यासाठी. फेब्रुवारी २०१४ मध्ये हमीची मुदत संपली असली तरी शटर विनामूल्य बदलून देण्याची घोषणा झाली खरी. तोवर दीड वर्ष उलटले होते. मार्च २०१४ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात हे प्रकरण मांडले आणि तिथल्या अधिकाऱ्यांनी डी६०० ची विक्री थांबवायला लावली. एका सदोष शटरची किंमत सुरुवातीलाच प्रामाणिकपणे मोजली असती तर ती या बदनामीपुढे किरकोळ ठरली असती. हे कंपनीलाही उमगले असावे, कारण पुढे डी७५० या नंतरच्या कॅमेऱ्याच्या काही नगांमध्ये प्रकाशाची विचित्र पट्टी येऊ लागली तेव्हा तिने काही आठवड्यांतच दोष मान्य करून विनामूल्य दुरुस्ती देऊ केली. नंतर शटरसाठीही त्या कॅमेऱ्याचे नग परत मागवावे लागले, पण निदान टाळाटाळ झाली नाही.

पक्षी टिपणाऱ्यांची कथा वेगळी आहे. ठाणे खाडीत हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे असतात. २०१५ मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये खाडीला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला, आणि ऐरोलीच्या केंद्रावरून निघणाऱ्या होड्यांत किंवा नेरुळच्या पाणथळ जागांच्या कडेला लांब लेन्स घेतलेली माणसे नेहमी दिसतात. यांतले बहुतेक नोकरदार, काही निवृत्त. त्यांना हवा असतो तो लहान सेन्सरचा पण वेगवान आणि दणकट कॅमेरा, कारण लहान सेन्सरवर त्याच लेन्सने दूरचा पक्षी मोठा दिसतो. निकॉनकडे असा कॅमेरा होता: २००९ चा डी३००एस. त्याचा खरा वारस डी५०० जाहीर झाला जानेवारी २०१६ मध्ये. मधली सहा-साडेसहा वर्षे कंपनी या वर्गाला प्रत्यक्षात एवढेच सांगत होती की पूर्ण आकाराचा महाग कॅमेरा घ्या. पुष्कळांना तो परवडला नाही, आणि ज्यांना परवडला त्यांना लेन्सही अधिक लांब, अधिक जड, अधिक महाग घ्यावी लागली. डी५०० आल्यावर त्याचे जे स्वागत झाले, त्यावरून मागणी किती साठली होती ते दिसले. २०१५ मध्ये आलेली २००-५०० मिलिमीटरची लेन्स त्याच्या जोडीला मिळाली आणि पगारदार माणसाला पेलेल असा पक्षी-छायाचित्रणाचा संच तयार झाला. तोच संच २०१२ मध्ये शक्य नव्हता, असे कोण म्हणेल?

२०१६ ला घोषणांची कमतरता नव्हती. फेब्रुवारीत डीएल या दर्जेदार छोट्या कॅमेऱ्यांची मालिका जाहीर झाली, वारंवार लांबली, आणि एकही नग न विकता फेब्रुवारी २०१७ मध्ये रद्द झाली. ‘कीमिशन’ नावाचे साहसी कॅमेरे आले आणि विस्मरणात गेले. नोव्हेंबर २०१६ मध्ये जपानमधील सुमारे १,००० कर्मचाऱ्यांसाठी स्वेच्छानिवृत्ती जाहीर झाली. पुढच्या वर्षी चीनमधील वूशीचा कारखाना बंद झाला.

२०१६ मध्येच आलेल्या, कॅमेऱ्यातले फोटो मोबाइलवर पाठवणाऱ्या ‘स्नॅपब्रिज’ ॲपवर मात्र जरा थांबायला हवे, कारण मोबाइलशी लढण्याऐवजी त्याच्याशी मैत्री करण्याची ती संधी होती. लग्नघरात आज पहिली मागणी अल्बमची नसते. वरमाला पडून तासही झालेला नसतो तोच मावशी, आत्या, परगावचे मामा व्हॉट्सॲपवर दोन चांगले फोटो मागू लागतात, आणि जो छायाचित्रकार ते लगेच देतो त्याला पुढची ऑर्डर त्याच मांडवात मिळते. कॅमेऱ्यातला फोटो विनासायास मोबाइलवर जाणे ही म्हणूनच चैन नव्हती. स्नॅपब्रिजने ब्लूटूथने सतत जोडलेले राहण्याचे वचन दिले, पण सुरुवातीची आवृत्ती जोडणी तुटण्याच्या आणि मंदपणाच्या तक्रारींनीच गाजली. लेन्स घडवण्यात शंभर वर्षांचा अनुभव असलेल्या कंपनीने एका ॲपकडे दुय्यम काम म्हणून पाहिले, हा माझा ठाम ग्रह आहे. मोबाइलने बाजार नेला असे म्हणणाऱ्यांनी याचाही हिशेब करावा.

ऑगस्ट २०१८ मध्ये निकॉनने अखेर झेड६ आणि झेड७ हे पूर्ण आकाराच्या सेन्सरचे, आरसा नसलेले कॅमेरे आणले. नवा झेड माउंट प्रशस्त होता, त्याच्या लेन्सेस उत्कृष्ट होत्या, यात वाद नाही. पण या दोन्ही कॅमेऱ्यांत कार्डासाठी एकच खाच होती, तीही महागड्या आणि मोजक्याच कंपन्या बनवत असलेल्या एक्सक्यूडी कार्डाची. लग्नाचे काम करणाऱ्याला याचा अर्थ काय होतो, ते पाहू. मंगलाष्टके संपतात, ‘तदेव लग्नं’ होते, अंतरपाट बाजूला होतो आणि दोन-तीन सेकंदांत अक्षता पडतात, हार घातले जातात. तो क्षण परत घेता येत नाही. कार्ड उडाले तर फी परत करून भागत नाही, त्या घरच्या मुलीच्या लग्नाचा तो फोटो कायमचा गेलेला असतो. म्हणून व्यावसायिक छायाचित्रकार एकाच वेळी दोन कार्डांवर फोटो लिहिले जातील असा कॅमेरा मागतो, आणि निकॉनच्याच डी७५० मध्ये ती सोय होती. नव्या, अधिक महाग कॅमेऱ्यात ती काढून घेतली गेली. एक्सक्यूडी कार्ड भक्कम असते, सहसा बिघडत नाही, असे समर्थन तेव्हा ऐकू आले. ते खरेही आहे. पण ‘सहसा’ या शब्दावर दुसऱ्याच्या घरचे कार्य अंगावर घेता येत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये दुसऱ्या आवृत्तीत दोन खाचा आल्या. मधल्या दोन वर्षांत बॉडी बदलायच्या बेतात असलेले किती जण सोनीकडे गेले असतील, याचा अंदाज ठाण्यातल्या कोणत्याही मोठ्या लग्नात छायाचित्रकारांच्या गळ्यातले पट्टे पाहून करता येतो.

जुन्या लेन्सेसचे काय, हाही प्रश्न होताच. झेड कॅमेऱ्यांवर एफ माउंटच्या लेन्सेस बसवण्यासाठी कंपनीने ‘एफटीझेड’ हे ॲडॅप्टर दिले, पण त्यात फोकसची मोटर ठेवली नाही. परिणामी ५० मिलिमीटर १.८डी किंवा ८०-२०० सारख्या जुन्या पद्धतीच्या, बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या लेन्सेस बसतात, फोटोही देतात, मात्र फोकस हाताने करावा लागतो. याच त्या लेन्सेस, ज्या आपल्याकडे सेकंडहँड बाजारात हातोहात फिरल्या आणि ज्यांच्यावर अनेकांनी धंदा उभा केला. अशी मोटर बसवली असती तर ॲडॅप्टर थोडे जाड झाले असते, थोडे महाग झाले असते. साठ वर्षांच्या भरवशाच्या बदल्यात एवढी जाडी निष्ठावान ग्राहकाने आनंदाने सोसली असती.

त्यातच इतर कंपन्यांच्या लेन्सेसना झेड माउंटचे दार बराच काळ जवळपास बंद राहिले. सोनीने २०११ मध्येच आपल्या ई माउंटची मूलभूत माहिती इतर उत्पादकांना खुली केली होती आणि त्यामुळे सिग्मा, टॅमरॉन यांच्या चांगल्या व स्वस्त लेन्सेस सोनीवर मिळू लागल्या. झेड माउंटसाठी टॅमरॉनने स्वतःच्या नावाने पहिली लेन्स आणली ती २०२२ मध्ये. स्वतःची महाग लेन्स विकली जावी म्हणून दुसऱ्याची स्वस्त लेन्स अडवली, तर ग्राहक महाग लेन्सकडे वळत नाही; तो कॅमेऱ्यासकट दुसरीकडे जातो. कर्ज काढून काम सुरू करणारा कळव्याचा किंवा कोपरखैरण्याचा मुलगा बॉडीच्या किमतीआधी तीन लेन्सेसची बेरीज करतो. त्याच्या बेरजेत निकॉन हरला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. तोट्यातली उत्पादने बंद करणे, महागड्या कॅमेऱ्यांवर भर देणे, उत्पादन थायलंडला हलवणे हे कठोर निर्णय होते, पण त्यांनीच कंपनी वाचली. ऑक्टोबर २०२१ मध्ये झेड९ आला, २०२३ मध्ये झेड८ आला, कॅमेरा विभाग पुन्हा नफ्यात आला, आणि २०२४ मध्ये निकॉनने ‘रेड’ ही सिनेमा कॅमेऱ्यांची अमेरिकी कंपनी विकत घेतली. हे सारे खरे आहे. पण झेड९ यशस्वी का झाला, हे पाहावे. त्यात कंपनीने काहीही राखून ठेवले नाही. यांत्रिक शटर काढून टाकण्याचे धाडस केले, दोन कार्डे दिली, किंमत स्पर्धकांपेक्षा कमी ठेवली, आणि पुढे सॉफ्टवेअरमधून नव्या सोयी विनामूल्य देत राहिली. म्हणजे ज्या सवयीने आधीचे दशक वाया गेले ती सवय सोडली, तेव्हाच घसरण थांबली. कारखाने बंद केल्याने तोटा कमी होतो. गेलेला ग्राहक परत येतो तो अशा कॅमेऱ्यामुळेच.

शिवाय या सावरण्याची किंमत खालच्या टोकाला असलेल्याने मोजली आहे. डी३५०० सारखा नवशिक्याचा कॅमेरा बंद झाला आणि त्याच्या किमतीत आरसा नसलेला पर्याय निकॉनने दिला नाही. जानेवारी २०१९ पासून डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, पण पहिली पायरीच उंच झाल्यावर त्या सवलतीने फार फरक पडला नाही. महाविद्यालयातून बाहेर पडून दोन लेन्सेसच्या साध्या संचावर वाढदिवस आणि मुंजी करत शिकायचे आणि मग लग्ने घ्यायची, ही वाट ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात कितीतरी घरांना उपजीविका देऊन गेली. ती अरुंद होणे ही माझ्या मते या सगळ्या हिशेबातली सर्वांत वाईट गोष्ट आहे, आणि कंपनीच्या ताळेबंदात तिची नोंद होत नाही.

म्हणूनच हा एका जपानी कंपनीचा घरगुती मामला मानून सोडून देऊ नये. यंत्र विकल्यावर उत्पादकाची जबाबदारी कुठवर असते, हा सार्वजनिक प्रश्न आहे. निकॉनने अमेरिकेत स्वतंत्र अधिकृत दुरुस्ती केंद्रांशी असलेले करार मार्च २०२० अखेर संपवले, तेव्हा तिथे यावरून मोठी ओरड झाली. आपल्याकडे अवलंबित्व अधिकच आहे. ठाण्याच्या दमट हवेत दोन पावसाळे कपाटात राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. ती उघडून साफ करणारे, झिजलेली रिंग बदलणारे हात फोर्टच्या बोरा बाजारात अजून आहेत, पण अस्सल सुटे भाग त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि मग मोडक्या लेन्समधून काढलेल्या भागांवर काम भागवावे लागते. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्या डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने यांवर तिचा भर आहे. ज्यावर माणसाची रोजीरोटी आहे अशा कॅमेऱ्याला आणि लेन्सला त्यात स्पष्ट स्थान मिळाले पाहिजे, आणि ते मागण्याचे काम छायाचित्रकारांच्या स्थानिक संघटनांनी करायला हवे.

कंपनीकडून अपेक्षा साधी आहे. जुलै २०२२ मध्ये निक्केई या जपानी दैनिकाने अशी बातमी दिली की निकॉन डीएसएलआरचा विकास थांबवणार आहे, कंपनीने तो तर्क असल्याचे सांगितले, आणि त्यानंतर नवा डीएसएलआर आलेला नाही. या अर्धवट बोलण्यात डी७५० आणि डी८५० वर काम करणारा माणूस अडकून पडतो: विकावे तर भाव पडलेला, ठेवावे तर उद्या शटर मिळेल की नाही याची शाश्वती नाही. कोणत्या बॉडीचे शटर आणि एफ माउंटच्या कोणत्या लेन्सची मोटर भारतात कोणत्या वर्षापर्यंत बदलून मिळेल, याची तारखांसह यादी कंपनीने जाहीर करावी, प्रत्येक सेवा केंद्रात ती मराठीतही लावावी, आणि त्या तारखेनंतर उरलेले सुटे भाग व दुरुस्तीची माहितीपत्रके बाहेरच्या कारागिरांना विकत घेऊ द्यावीत.